ओळ जिथे मोडते

बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता आठच ओळींची. मराठी शाळेतून गेलेल्या बहुतेकांना तिच्यातल्या दोन-चार ओळी तरी पाठ असतात. तिची पाचवी आणि सहावी ओळ जरा मोठ्याने म्हणून पाहा:

पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे

ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा आणि दीर्घाच्या दोन असं बोटांवर मोजलं तर या ओळींत प्रत्येकी 27 मात्रा भरतात. 16 मात्रांनंतर एक छोटा विसावा, मग उरलेल्या 11. ‘पायवाट पांढरी तयांतुनि’ इथे सोळा पुऱ्या होतात, जीभ क्षणभर थांबते आणि मग येतं ‘अडवीतिडवी पडे’. वाट वळते ती नेमकी त्या विसाव्यावर. ओळ संपते आणि पुढच्या ओळीच्या तोंडाशीच ‘हिरव्या’ हा शब्द उभा असतो. तिथून पुन्हा सोळा मात्रा चालायचं, पुन्हा थांबायचं, आणि त्या थांब्यापलीकडे ‘काळ्या’. पांढरी, हिरवी, काळी. वाचणाऱ्याच्या पायाखालचा रंग बदलतो, आणि तो बदलतो ते थांबून पुढचं पाऊल टाकलं की लगेच.

आता शेवटच्या दोन ओळी:

झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर

‘पाय टाकुनी जळांत बसला’, इथे पुन्हा सोळा मात्रा भरतात. तोवर एवढंच कळलेलं असतं की कुणीतरी पाण्यात पाय सोडून बसलं आहे. कोण ते नाही. मग विसावा, मग ‘असला’, आणि सगळ्यात शेवटी, अख्ख्या कवितेचा शेवटचा शब्द म्हणून, औदुंबर. शीर्षकात नाव आधीच वाचलेलं असूनही दर वेळी तो तिथे नव्याने दिसतो. हेच गद्यात सांगायचं तर आपण ‘औदुंबर पाण्यात पाय टाकून बसला होता’ असं म्हणू. नाव आधी, क्रियापद शेवटी. मराठी वाक्याची ही रोजची चाल. बालकवींनी ती उलटी फिरवली. क्रियापद थांब्याच्या अलीकडे ठेवलं आणि नाव पलीकडे.

दिवाळी अंकांमधल्या कवितांचं मुद्रितशोधन मी बरीच वर्षं करते आहे. कथा-लेखांची मुद्रितं तपासताना डोळा शब्दावर असतो; कवितेची तपासताना तो ओळीच्या शेवटावर जातो. ही ओळ इथे का संपली? कवीला ती इथे संपवायची होती, की वहीची कड आली म्हणून संपली, की फोनवर टाइप करताना अंगठा एंटरवर पडला? हे विचारत-विचारत जुन्या कवितेकडे मागे जात राहिले, आणि जसजशी मागे गेले तसतशी एक गोष्ट पक्की होत गेली. मराठी ओळ घडली श्वासावर, जात्याच्या फेऱ्यावर, टाळाच्या ठेक्यावर. कागद तिच्या वाट्याला फार उशिरा आला. आणि तिची सगळ्यात मोठी ताकद औदुंबराच्या त्या शेवटच्या ओळीत आहे तीच आहे: कृती आधी ऐकवायची, एक श्वास जाऊ द्यायचा, मग ती कुणाची किंवा कशाची ते सांगायचं.

जुन्या हस्तलिखित पोथीचं पान पाहिलं तर हे लगेच पटतं. मजकूर या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग चाललेला असतो. कित्येकदा शब्दांमध्येही जागा सोडलेली नसते. चरण संपला की एक दंड, ओवी किंवा श्लोक संपला की दोन. एखादा शब्द अर्धा लिहून झाला आणि पानाची कड आली तर लिहिणारा उरलेली अक्षरं बिनदिक्कत खालच्या ओळीत घेतो. वाचणाऱ्याचंही त्यात काही बिघडत नाही, कारण कुठे थांबायचं हे त्याला कडेने सांगायचं नसतं. ते दंड सांगतो, आणि दंडाच्याही आधी कान सांगतो. म्हणजे कवितेची ओळ आणि पानावरची ओळ या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. त्या एक झाल्या त्या छापखान्यात.

ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290 मध्ये पुरी झाली. तिची ओवी चार चरणांची. पहिले तीन एकमेकांशी यमक जुळवतात, चौथा आखूड असतो आणि यमकातून सुटलेला असतो. अक्षरांची संख्या काटेकोर बांधलेली नाही, पण चौथा चरण आखूड हे मात्र सांभाळलेलं. हा आखूड चरण काय करतो ते पाहायला लांब जायला नको. शाळेत प्रार्थनेच्या वेळी म्हटलेलं पसायदान आठवलं तरी पुरे:

आतां विश्वात्मकें देवें ।
येणें वाग्यज्ञें तोषावें ।
तोषोनि मज द्यावें ।
पसायदान हें ॥

‘मज द्यावें.’ काय द्यावं? यमक तिथे पूर्ण झालेलं असतं: देवें, तोषावें, द्यावें. कानाला वाटतं, झालं. आणि मागितलेली वस्तू अजून आलेलीच नसते. ती येते यमक ओसरल्यावर, आखूड चरणात, एकटी. पुढची ओवीही तशीच:

जे खळांची व्यंकटी सांडो ।
तया सत्कर्मीं रती वाढो ।
भूतां परस्परें जडो ।
मैत्र जीवांचें ॥

‘जडो’ हे क्रियापद ऐकताना जरा धाकधूक व्हावी असं आहे. व्यसन जडतं, रोग जडतो, प्रीतही जडते. भूतमात्रांना एकमेकांचं काय जडावं? एक दंड. मग अवघी पाच अक्षरं, ‘मैत्र जीवांचें’. सांडो, वाढो, जडो या तीन हाका ओळीने येऊन गेल्यावर तो शेवटचा चरण किती शांत वाटतो! आणि तिसरी:

दुरितांचें तिमिर जावो ।
विश्व स्वधर्मसूर्यें पाहो ।
जो जें वांछील तो तें लाहो ।
प्राणिजात ॥

‘जो जें वांछील तो तें लाहो.’ ज्याला जे हवं ते मिळो. हा ‘जो’ कोण? भक्त? सज्जन? ऐकणारा? चौथ्या चरणात चारच अक्षरं आहेत आणि त्यांत सगळं जग आलं: प्राणिजात. इथे कर्ता चौथ्या चरणापर्यंत राखून ठेवला आहे. तो पहिल्या चरणात आला असता तर ती एक उदार इच्छा झाली असती. शेवटी आल्यामुळे आपण ‘जो’ म्हणून मनात ज्याला उभं केलं होतं, त्याच्या भोवती एकदम मुंगीपासून हत्तीपर्यंत सगळे येऊन उभे राहतात. माणूस हा शब्दसुद्धा त्यात वेगळा काढलेला नाही. मला आजवर मराठीत याहून मोठी ओळ-मोड सापडलेली नाही, आणि ती सातशे वर्षांहून जुनी आहे.

ज्ञानदेवांनी हा छंद आकाशातून आणला नव्हता. बायकांच्या जात्यावर तो आधीपासून होता, असं अभ्यासक सांगतात आणि जात्यावरची ओवी ऐकली की ते खरं वाटतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रभरच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांची ध्वनिमुद्रणं ऐकताना लक्ष दगडाच्या घरघरीकडे जातं. पहिला भाग म्हटला जातो, कधी पुन्हा घोळवला जातो, आणि तेवढ्यात दुसरा भाग मनात जुळतो. मध्ये ‘बाई’, ‘गं’, ‘सांगते’ असे शब्द येतात. छापलेल्या पुस्तकात ते भरतीचे वाटतात. ऐकताना कळतं की ठेका पुरा होईपर्यंत आवाज खाली पडू द्यायचा नाही, म्हणून ते आहेत. ओळ तिथे संपते, जिथे हाताचा फेरा आणि छातीतला श्वास दोन्ही संपतात. ज्या बाईने आयुष्यात पाटीवर अक्षर काढलं नाही, तिला ओळ कुठे मोडायची याची शिकवणी लागली नाही.

बहिणाबाई चौधरींचंच घ्या. 1880 साली जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या, 1951 मध्ये गेल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या तोंडच्या ओळी घरातल्यांनी टिपून ठेवल्या आणि 1952 मध्ये त्यांचं पुस्तक झालं.

अरे संसार संसार
जसा तवा चुल्ह्यावर
आधी हाताला चटके
तव्हा मियते भाकर

आठ-आठ अक्षरांचे चार तुकडे. तिसऱ्या तुकड्याला क्रियापदच नाही. ‘आधी हाताला चटके’, एवढं म्हणून ओळ थांबते आणि तो चटका तसाच बोटांवर राहतो. चौथ्यात क्रियापद पहिल्यांदा येतं, ‘मियते’, आणि त्याच्या मागून शेवटचा शब्द म्हणून भाकर. पाहा, नाव पुन्हा शेवटी आलं. ‘आधी’ आणि ‘तव्हा’ यांच्यामधली ती ओळ-मोड भाकरी भाजायला लागतो तेवढा वेळ घेते असं मला वाटतं. हे कुणी कागदावर बसून ठरवलं नव्हतं. आणि ज्यांनी लिहून घेतलं त्यांनी मोड जिथे ऐकली तिथेच ठेवली, याबद्दल त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे.

अभंगात दुसरी एक गंमत घडते. मोठा अभंग सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा. ‘सुंदर तें ध्यान । उभें विटेवरी । कर कटावरी । ठेवोनियां ॥’ दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक आणि शेवटी चार अक्षरांचा उतार. लहान अभंग आठ-आठ अक्षरांचा. तुकोबांचा सगळ्यांच्या ओठावरचा:

जे का रंजले गांजले ।
त्यासि म्हणे जो आपुले ॥
तोचि साधु ओळखावा ।
देव तेथेचि जाणावा ॥

मराठीतलं ‘जो-तो’चं वाक्य ओळ मोडण्यासाठीच जन्माला आल्यासारखं आहे. ‘जे’ म्हटलं की ऐकणारा ‘ते’ची वाट पाहू लागतो. इथे तर एकात एक दोन वाटा आहेत. पहिल्या चरणातल्या ‘जे’ला दुसऱ्यात ‘त्यासि’ मिळतं, पण तेवढ्यात तिथेच एक नवा ‘जो’ उघडतो आणि चरण संपतो. भजनात हे कसं होतं ते आठवा. बुवा पहिला चरण म्हणतात, टाळकरी उचलतात, बुवा पुन्हा म्हणतात, पुन्हा टाळकरी. ‘जे’ उघडाच राहतो. मृदंगाचा हात भरत जातो. त्यानंतर ‘तोचि’ येतो तेव्हा तो नुसता व्याकरणाचा जबाब राहत नाही. दहा-वीस माणसांनी मिळून वाट पाहिलेली असते. ओळीनंतरची रिकामी जागा इथे पन्नास टाळांनी भरलेली आहे. अभंगाची ओळ मोडली की शांतता होत नाही, गजर होतो. हे छापील पानावरून कळत नाही, आणि म्हणूनच केवळ छापील पानावरून कवितेच्या ओळीबद्दल बोलणाऱ्यांचं बोलणं मला नेहमी अपुरं वाटतं.

गणवृत्तांचा, म्हणजे लघु-गुरू अक्षरांचा क्रम बांधून दिलेल्या वृत्तांचा, हिशोब कडक. मंदाक्रांतेच्या चरणात 17 अक्षरं आणि 4, 6, 7 असे यतीचे, म्हणजे थांब्याचे, टप्पे. यतीच्या जागी शब्द मधोमध चिरला तर तो दोष, यतिभंग. पण टप्पे पाळूनही अर्थाला ओळीपलीकडे धावू देता येतं. याच वृत्तातल्या ‘मेघदूता’च्या पहिल्या श्लोकात कुणीतरी एक, कर्तव्यात चुकलेला, शापाने वैभव गमावलेला, असं दोन चरण चाललेलं असतं आणि ‘यक्ष’ हा शब्द तिसऱ्या चरणाच्या तोंडी येतो. समर्थांचे मनाचे श्लोक याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहेत. भुजंगप्रयाताची बारा अक्षरं संपली की बहुतेक वेळा वाक्यही संपतं. लहान मुलाला ते चटकन पाठ होतात त्याचं हेही एक कारण असावं. प्रत्येक ओळ स्वतःच्या पायावर उभी असते.

केशवसुतांची ‘तुतारी’ 1893 सालची. तिची सुरुवात प्रत्येकाला येते, पण ती ओळीओळीने कशी उलगडते याकडे लक्ष कमी जातं.

एक तुतारी द्या मज आणुनि
फुंकिन मी जी स्वप्राणाने
भेदुनि टाकिन सगळी गगने
दीर्घ जिच्या त्या किंकाळीने
अशी तुतारी द्या मजलागुनि

पहिली ओळ म्हणजे पुरं झालेलं मागणं. तिथे थांबलं तरी चाललं असतं. पण दुसऱ्या ओळीत ‘जी’ येते आणि मागणं पुन्हा उघडतं. ‘भेदुनि टाकिन सगळी गगने’ हे आधी सांगून होतं. कशाने, ते एक ओळ उशिरा कळतं, ‘किंकाळीने’. स्वप्राणाने, गगने, किंकाळीने अशी यमकं चढत जातात, फुंकणाऱ्याचा श्वास लांबतो, आणि पाचव्या ओळीत तेच मागणं परत येतं. तीन ओळी वाक्य बंद होऊ न देता धरून ठेवणं म्हणजे फुंकच आहे. कवितेत तुतारी अजून आणलेली नाही, पण ओठांशी ती लागलेली असते.

आणि मर्ढेकर. ‘काही कविता’ 1947 मध्ये आलं, त्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि उंदरांची कविता अनेकांनी दुर्बोध म्हणून बाजूला ठेवली. मला ती दुर्बोध कधी वाटली नाही. तिच्या ओळी इतक्या स्पष्ट बंद होतात की आवाज येतो.

पिपांत मेले ओल्या उंदिर;
माना पडल्या, मुरगळल्याविण;
ओठांवरती ओठ मिळाले;
माना पडल्या, आसक्तीविण.

16 मात्रा, आठ-आठचे दोन भाग. ही चाल म्हणजे आपली जुनी पादाकुलकाची, ‘तुतारी’चीही हीच. ‘पिपांत मेले’, आठ मात्रा, थांबा. कोण मेले? ‘ओल्या उंदिर’. पसायदानातली तीच रचना, क्रियापद अलीकडे आणि नाव पलीकडे, पण तिथे थांब्यापलीकडे मैत्र मिळालं होतं आणि इथे मेलेले उंदीर मिळतात. दुसरी ओळ पाहा. ‘माना पडल्या’ म्हटलं की कुणीतरी त्या मुरगळल्या असणार असं आपण गृहीत धरतो. स्वल्पविराम, आणि ‘मुरगळल्या’ हे खरंच येतं, पण ‘विण’ला चिकटून. मारणारा हात हवा होता, तोही मिळत नाही. ओळीच्या शेवटचा अर्धविराम म्हणजे पिपाचं झाकण. अर्थ एका ओळीतून दुसरीत निसटूच शकत नाही. आणि मग:

जगायची पण सक्ती आहे;
मरायची पण सक्ती आहे.

दोन ओळींत एकाच शब्दाचा फरक. दुसरी ओळ सुरू होताना क्षणभर आशा असते, की ‘मरायची’च्या पुढे तरी ‘मुभा’ येईल. पण नाही. तीच सक्ती, आणि आता अर्धविरामाच्या जागी पूर्णविराम. पारंपरिक वृत्तात राहून, एकही ओळ वेडीवाकडी न तोडता, कवितेने श्वास कोंडून दाखवला आहे.

तेव्हा मुक्तछंदाने ओळीला मोकळं केलं आणि त्याआधी ती तुरुंगात होती, हे मला मान्य नाही. 1930 च्या दशकात कवी अनिल मुक्तछंद घेऊन आले, त्यांनीही लय सोडली नव्हती. ओळी लहान-मोठ्या झाल्या, पण अक्षरांचे गट आत चालत राहिले; वाचताना पाय कुठे पडतो ते कळत राहिलं. याच अनिलांनी पुढे दहा ओळींची ‘दशपदी’ घडवली आणि त्या संग्रहाला 1977 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ओळ सैल करणाऱ्यालाच ती बांधावीशी वाटली, यात मला कुठलाही विरोध दिसत नाही. जो सोडतो त्याला धरायचं कसं हेही ठाऊक असतं.

वृत्त गेल्यावर मात्र एक नवी जबाबदारी आली. वृत्तात ओळ कुठे संपणार हे कानाला आधीच माहीत असतं. मुक्तछंदात ते कवीलाच ठरवावं लागतं, दर ओळीला. कवितेवर बोलायला बसले की मी एक साधं वाक्य फळ्यावर लिहिते. ‘आई दारात उभी होती आणि पाऊस थांबला नव्हता.’ कविता नाही, बातमी आहे. आता ते असं लिहिलं तर:

आई दारात उभी होती आणि
पाऊस थांबला नव्हता

‘आणि’वर ओळ लोंबकळते, पण हाती काही लागत नाही. पाऊस तर येणारच होता. आता असं:

आई दारात उभी
होती
आणि पाऊस थांबला
नव्हता

‘आई दारात उभी’ या ओळीत आई आत्ता उभी आहे. खाली ‘होती’ आलं, आणि ते ओळीत एकटंच आहे. उभी राहण्याला मदत करणारं ते छोटंसं क्रियापद होतं. एकटं पडल्यावर ते असण्या-नसण्याचं क्रियापद झालं. होती. म्हणजे आता नाही. मग ‘पाऊस थांबला’, एक ओळभर सुटका, आणि लगेच ‘नव्हता’. शब्द एकही बदललेला नाही. पहिल्या रचनेत आई वाट पाहते आहे, दुसरीत तिची वाट पाहणारं कुणीतरी आहे.

मराठीची घडणच अशी आहे की होकार-नकार, काळ, सगळं वाक्याच्या शेपटाशी येतं. त्यामुळे शेपूट तोडून खाली टाकलं की अर्थ फिरतो. इंग्रजीत कवी नावाआधीच्या छोट्या शब्दांवर ओळ तोडतात. आपल्याकडे ‘दारात’मधला ‘-त’ दारापासून सुटा होत नाही, त्यामुळे ती मोड आपल्या कामाची नाही. आपली मोड दोन ठिकाणी खरी पडते: क्रियापदापलीकडे नाव ठेवून, जसं ज्ञानदेवांपासून चालत आलं; किंवा नावापलीकडे ‘होती’, ‘नव्हता’, ‘नाही’ ठेवून. पहिली मोड देते, दुसरी दिलेलं काढून घेते. या दुसरीचा हल्ली फार वापर होतो. ‘मी तुला विसरलो’ आणि खाली एकटं ‘नाही’. असल्या कविता दर हंगामात येतात. पहिल्यांदा वाचताना झटका बसतो, दुसऱ्यांदा तो कुठे बसणार हे आधीच कळतं. कवितेत एकदाच, तीही अशा जागी जिथे नकार खरोखर जड आहे, तर ही मोड टिकते.

गझलेतही ओळीच्या मोडीवरच सगळा डोलारा आहे. शेराचा पहिला मिसरा, म्हणजे दोन ओळींतली पहिली, म्हटला की मुशायऱ्यात तो उचलला जातो, पुन्हा म्हणायला लावला जातो, आणि शायर दुसऱ्या मिसऱ्यापर्यंत लोकांना ताटकळत ठेवतो. सुरेश भटांनी मराठीत ही सवय गावोगावी लावली. कागदावर जी मोड दिसायला एवढीशी असते, ती मैफलीत अर्धं मिनिट टिकू शकते.

छापखान्यात ज्यांच्या हाताखाली मी काम शिकले, त्यांनी खिळ्यांचा, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांचा, जमाना पाहिलेला होता. ते सांगायचे की कवितेच्या उजवीकडची पांढरी जागा जुळाऱ्याच्या दृष्टीने रिकामी नसायची. एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची, आणि ओळ अर्ध्यावर संपली तर उरलेली रुंदी शिशाच्या कोऱ्या तुकड्यांनी भरायची. हे तुकडे खिळ्यांपेक्षा बुटके, म्हणून त्यांना शाई लागत नाही आणि कागदावर पांढरं उमटतं. ते भरले नाहीत तर फर्मा सैल राहतो आणि अक्षरं हलतात. आखूड ओळींची कविता आली की कोरं शिसं जास्त लागायचं. पांढऱ्या जागेला वजन असतं हे मी तिथे शिकले, आणि तेव्हापासून ओळीनंतरची जागा मला कधी फुकटची वाटली नाही.

अरुण कोलटकरांना ही जागा फार नीट कळत होती. जाहिरातीच्या क्षेत्रात चित्रं आणि अक्षरांची मांडणी करणारा हा माणूस. त्यांच्या इंग्रजी ‘जेजुरी’त ज्वारीच्या शेतात नाचणाऱ्या कोंबड्या आहेत, आणि तिथे शब्दच पानावर वर-खाली उड्या मारतात. 2003 मध्ये आलेल्या मराठी ‘भिजकी वही’त ओळी आखूड, एकाखाली एक उतरत जाणाऱ्या. वाचणाऱ्याला घाई करताच येत नाही. नामदेव ढसाळांची ओळ याच्या उलट. ‘गोलपिठा’तली, 1972 सालची ती ओळ पानाच्या कडेला धडकते, तरी थांबायला तयार नसते. एका दमात म्हणायला घेतली तर छाती भरून येते, आणि ते तसंच व्हायला हवं. अशी ओळ अरुंद कॉलमात बसत नाही म्हणून कुणी तिचे दोन तुकडे केले, तर कवितेतला संताप शिष्टाचार पाळू लागतो.

फोनच्या पडद्यावर हेच रोज घडतं. लांब ओळ पडद्याला जिथे मावली नाही तिथे तुटते, आणि वाचणाऱ्याला वाटतं कवीनेच तोडली. पुस्तकात निदान सोय असते. ओळीचं उरलेलं शेपूट खाली घेऊन उजवीकडे सरकवायचं, म्हणजे ते नव्या ओळीत मोजलं जात नाही. फोनवर ढसाळ वाचायचे असतील तर फोन आडवा धरावा, एवढंच मी सांगते.

हल्ली शंका आली की कवीला फोन करून कविता म्हणून दाखवायला सांगते. बहुतेकांना आधी संकोच वाटतो, मग बरं वाटतं. यंदा विदर्भातल्या एका तरुण कवीची कापसाच्या वेचणीवरची कविता होती. कागदावर तिची शेवटची ओळ लांब आणि सलग होती. म्हणताना मात्र तो मजुरीच्या आकड्याआधी थांबला, चांगलाच थांबला. मी विचारलं, इथे ओळ तोडू का? तो म्हणाला, “ताई, तिथं मोजतो ना आम्ही.” मी आकडा खालच्या ओळीवर घेतला. पान एका ओळीने वाढलं, तेव्हा तळाची जाहिरात पुढच्या पानावर न्यायला सांगितली.